रिटच न केलेले फोटो, कपड्यांच्या जाहिराती आणि आपलं शरीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपड्यांच्या जाहिरातीत दिसणारी बाई आणि ते कपडे विकत घेणारी बाई यांच्यात इतकं अंतर का, हा प्रश्न बायका बरीच वर्षं विचारत आहेत. काही कंपन्यांनी फोटोतल्या शरीराला हात लावणं थांबवलं आहे आणि काही देशांनी त्यासाठी कायदे केले आहेत. त्याच वेळी, जगात कधीच नसलेल्या बायका संगणकावर तयार करून त्यांच्या अंगावर कपडे दाखवायलाही सुरुवात झाली आहे. माझी भूमिका सुरुवातीलाच सांगते. कपडा अंगावर कसा बसतो हे खरं दाखवणं हे कपडे विकणाऱ्याचं काम आहे. ते केलं म्हणून त्याने बायकांवर उपकार केले असं होत नाही.

रिटच न केलेला फोटो म्हणजे नक्की काय?

फोटो काढून झाल्यावर संगणकावर मॉडेलच्या शरीराचा आकार आणि त्वचा बदललेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कंबर आत ओढलेली नसते, मांड्या तासलेल्या नसतात. पोटावरची वळी, स्ट्रेच मार्क, तीळ, जुना व्रण, काखेजवळची घडी, सगळं जागच्या जागी असतं.

पण अशा फोटोतही मेकअप असतो. प्रकाश विचार करून लावलेला असतो. पाय पुढे टाकून, कंबर वळवून, हनुवटी उचलून उभं राहण्याची ढब शिकलेली असते आणि ढिगाने काढलेल्या फोटोंतून एकच निवडलेला असतो. कपडा सैल असेल तर पाठीमागे क्लिपा किंवा टाचण्या लावून तो अंगाबरोबर आवळलेला असतो, आणि त्या क्लिपा समोरून कधीच दिसत नाहीत. शरीराला अजिबात हात न लावताही कपड्याबद्दल खोटं बोलता येतं ते असं.

रंगदुरुस्तीची गोष्ट वेगळी. कपड्याचा खरा रंग स्क्रीनवर दिसावा म्हणून ती करावीच लागते. तिला कुणाची हरकत नाही.

रिटचिंग करताना शरीरात काय काय बदलतात?

फोटोशॉप 1990 मध्ये बाजारात आलं, पण फोटोवर हात फिरवणं त्याच्याही कितीतरी आधीपासून चालू होतं. निगेटिव्हवर ब्रशने आणि पेन्सिलीने काम करणारे कारागीर असायचे. संगणकाने हे काम स्वस्त आणि झटपट केलं. 2000 च्या सुमारास फोटोशॉपमध्ये ‘लिक्विफाय’ नावाचं साधन आलं. त्याने फोटोचा कुठलाही भाग ओल्या मातीसारखा ढकलता, ओढता, फुगवता येतो. कंबर बारीक करणं, मान लांब करणं, दंड सडपातळ करणं हे सगळं त्यातून होतं. त्वचेसाठी वेगळी पद्धत आहे. त्वचेचा पोत आणि तिचा रंग दोन वेगळ्या थरांत काढतात, रंगाचा थर एकसारखा करतात आणि वर पोत परत ठेवतात. म्हणून चांगलं रिटचिंग प्लॅस्टिकसारखं दिसत नाही. छिद्रं दिसतात, पण डाग कुठेच नसतात, आणि बघणारीला वाटतं की हिची त्वचा मुळातच अशी आहे.

कपड्यांच्या जाहिरातीत आणखी एक गोष्ट होते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. शरीराबरोबर कपडाही रिटच होतो. बसल्यावर पोटाशी पडणाऱ्या चुण्या, मुंढ्यापाशी ओढलेलं कापड, ब्राच्या पट्ट्याखाली उठणारी वळी, गुडघ्यावर ताणलेली जीन्स हे सगळं पुसलं जातं. मग कपडा घरी येतो, अंगावर चढतो, चुण्या पडतात, आणि बाई आरशात बघून म्हणते, माझंच पोट सुटलंय. कापडाच्या स्वभावाचा दोष ती स्वतःच्या अंगावर घेते.

हे कधी उघड्यावर आलं?

काही प्रसंग गाजले. 2003 मध्ये अभिनेत्री केट विन्स्लेटने ‘जीक्यू’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आपल्याला बारीक करून दाखवल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. 2009 मध्ये राल्फ लॉरेनच्या एका जाहिरातीत फिलिपा हॅमिल्टन या मॉडेलची कंबर इतकी अरुंद केली होती की तिचं डोकं तिच्या कमरेपेक्षा रुंद दिसत होतं. कंपनीला चूक कबूल करावी लागली. 2011 मध्ये एच अँड एमने मान्य केलं की संकेतस्थळावर कपडे दाखवण्यासाठी संगणकावर बनवलेली एकसारखी शरीरं वापरली होती आणि त्यांवर खऱ्या मॉडेलांचे चेहरे बसवले होते. म्हणजे ते माप, तो बांधा कुणाचाच नव्हता.

आवाज उठवणाऱ्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती 2012 ची घटना. अमेरिकेतल्या 14 वर्षांच्या एका शाळकरी मुलीने ‘सेव्हनटीन’ या किशोरींच्या मासिकाकडे सह्यांची मोहीम घेऊन मागणी केली की दर महिन्याला निदान एक फोटोमालिका रिटच न केलेली छापा. हजारो सह्या जमल्या, आणि मुलींच्या शरीराचा किंवा चेहऱ्याचा आकार आम्ही बदलणार नाही असं मासिकाने छापून सांगितलं. तिने मागितलं होतं किती थोडं!

कपड्यांच्या कंपन्यांत याची सुरुवात कुणी केली?

2014 मध्ये अमेरिकन ईगल कंपनीच्या एअरी या अंतर्वस्त्रांच्या ब्रँडने मॉडेलांचे फोटो रिटच करणं बंद केलं असं जाहीर केलं आणि ते पुढेही पाळलं. त्याच वर्षी व्हिक्टोरियाज सीक्रेट या अंतर्वस्त्रांच्याच कंपनीने एकाच बांध्याच्या मॉडेलांच्या रांगेवर ‘परिपूर्ण शरीर’ अशा अर्थाचे शब्द छापले. लोकांच्या विरोधानंतर ते बदलावे लागले. पुढे 2018 मध्ये एअरीच्या फोटोंत व्हीलचेअरवरची, इन्सुलिन पंप लावलेली, पोटावर ऑस्टॉमीची (शस्त्रक्रियेनंतर मल किंवा मूत्र गोळा करणारी) पिशवी असलेली स्त्रीही दिसली. पोटावर पिशवी असलेल्या बाईलाही अंतर्वस्त्रं लागतातच, आणि ती तिच्या अंगावर कशी बसतील हे त्याआधी तिला कुठे बघायला मिळत होतं?

सौंदर्यप्रसाधनांत डव्हने 2004 मध्ये ‘रिअल ब्यूटी’ मोहीम सुरू केली होती. 2006 मध्ये त्यांनी एका साध्या चेहऱ्याचं मेकअप आणि संगणकाच्या मदतीने होर्डिंगवरच्या चेहऱ्यात कसं रूपांतर होतं हे दाखवणारी छोटी फिल्म काढली आणि ती जगभर पाहिली गेली. रिटचिंग म्हणजे काय हे अनेकींनी पहिल्यांदा पाहिलं ते त्या फिल्ममध्ये.

अशा फोटोंचा मनावर खरंच परिणाम होतो, की हा उगाच केलेला बाऊ आहे?

परिणाम होतो. पण तो सगळ्यांवर सारखा होत नाही, आणि फोटो हे एकमेव कारणही नसतं.

माणूस स्वतःला जोखण्यासाठी आजूबाजूच्यांकडे बघतो, हे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलं. पूर्वी आजूबाजूच्या म्हणजे बहिणी, मैत्रिणी, शेजारणी. आता त्यांत दिवसभर डोळ्यांसमोरून जाणाऱ्या जाहिरातींतल्या बायकाही आल्या. तुलना करायची असं ठरवून कुणी करत नाही, ती आपोआप होते.

फिजी बेटांवरचा अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखाच आहे. तिथल्या नाड्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. भरलेल्या अंगाची बाई तिथे सुदृढ आणि चांगल्या घरची मानली जायची. अॅन बेकर या संशोधिकेने टीव्ही आल्या आल्या आणि पुन्हा 1998 मध्ये शाळकरी मुलींना खाण्याविषयीचे प्रश्न विचारले. खाण्याशी बिघडलेलं नातं दाखवणारे गुण मिळालेल्या मुलींचं प्रमाण 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेलं होतं. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी पहिल्या वेळी नव्हती, तीन वर्षांनी 11.3 टक्के मुली तसं करत होत्या. दोन्ही वेळच्या मुली वेगवेगळ्या होत्या, आणि त्या वर्षांत त्या समाजात इतरही बरंच बदलत होतं. त्यामुळे सगळा दोष टीव्हीवर टाकता येत नाही. तरी इतक्या थोड्या काळातला एवढा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

दुसरा प्रयोग थेट ट्रायल रूममधला आहे. 1997 मध्ये बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि टोमी-अॅन रॉबर्ट्स यांनी असं मांडलं की सतत बघितलं जाण्याची सवय झालेली स्त्री हळूहळू स्वतःकडेही बाहेरून, बघणाऱ्याच्या नजरेने बघू लागते. पुढच्या वर्षी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थिनींना एकटीने एका खोलीत आरशासमोर स्विमसूट किंवा स्वेटर घालून बघायला सांगितलं आणि तेवढ्या वेळात गणितं सोडवायला दिली. स्विमसूट घातलेल्या मुलींना कमी गुण पडले. मुलग्यांच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. तरी डोक्याचा एक भाग आपण कशा दिसतो याच्या हिशेबात अडकला होता. मला या विषयातली सर्वांत मोठी हानी हीच वाटते. वाईट वाटणं तर आहेच, पण त्या वाटण्यात जो वेळ आणि जी बुद्धी खर्च होते ती कुठेच मोजली जात नाही.

फोटो खोटा आहे हे मला पक्कं माहीत आहे. तरी बघून वाईट का वाटतं?

कारण डोळे आधी बघतात आणि समजूत मागाहून येते. तोवर तुलना होऊन गेलेली असते.

यात तुमचा काही कमकुवतपणा नाही. फोटोवर ‘हा फोटो संगणकावर बदललेला आहे’ असं लिहिलं तर वाईट वाटणं कमी होतं का, हे ऑस्ट्रेलियातल्या मारिका टिगेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. उत्तर बहुतेक वेळा नाही असंच आलं. काही वेळा तर कुठे बदललंय ते शोधण्यासाठी नजर उलट शरीरावरच जास्त खिळली.

मग लेबल लावायला सांगणारे कायदे निरुपयोगी आहेत का?

बघणारीचं दुःख कमी करण्याचं साधन म्हणून ते तोकडे आहेत. पण कायदा बघणारीपेक्षा बनवणाऱ्यावर जास्त काम करतो. ‘रिटच केलेला फोटो’ असं स्वतःच्या जाहिरातीवर छापायला कुठल्या कंपनीला आवडेल? म्हणून काही जण मुळात शरीर बदलायचंच टाळतात, आणि फायदा असेल तर तो तिथे आहे.

इस्रायलने 2012 मध्ये कायदा केला आणि तो 2013 पासून लागू झाला. मॉडेलचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन किती हे सांगणारा आकडा, 18.5 पेक्षा कमी नाही असं वैद्यकीय प्रमाणपत्र त्यात लागतं, आणि फोटोत मॉडेलला बारीक केलं असेल तर तसं लिहावं लागतं. फ्रान्समध्ये 1 ऑक्टोबर 2017 पासून, जाहिरातीतल्या मॉडेलचा देह बारीक किंवा जाड केला असेल तर ‘फोटोग्राफी रतूशे’ म्हणजे रिटच केलेला फोटो असं छापणं बंधनकारक आहे. मोडल्यास 37,500 युरो दंड होऊ शकतो, आणि तो जाहिरातीच्या खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतो. मात्र केस किंवा डाग दुरुस्त केले तर फ्रान्सच्या नियमात लेबल लागत नाही. नॉर्वेचा कायदा 1 जुलै 2022 पासून लागू आहे आणि तो पुढे जातो. शरीराचा आकार, आकारमान आणि त्वचा या तिन्हींसाठी लेबल लागतं, आणि पैसे घेऊन जाहिरात करणाऱ्या इन्फ्लुएन्सरनाही ते लावावं लागतं. फ्रान्सचा नियम लागू झाला त्याच दिवसापासून गेटी इमेजेस या फोटो पुरवणाऱ्या मोठ्या संस्थेनेही शरीराचा आकार बदललेले व्यावसायिक फोटो घेणं बंद केलं.

ब्रिटनचा रस्ता वेगळा. तिथे लेबल नाही, पण जाहिरातींवर देखरेख करणारी संस्था तक्रार आली की जाहिरात तपासते आणि ती थांबवू शकते. 2025 मध्ये तिने नेक्स्ट, मार्क्स अँड स्पेन्सर आणि झारा या कपडे विकणाऱ्या कंपन्यांचे काही फोटो थांबवले, कारण त्यांत मॉडेल अनारोग्यकारक वाटावी इतकी बारीक दिसत होती. निर्णयांत कॅमेऱ्याचा कोन, उभं राहण्याची पद्धत, कपड्यांची निवड, प्रकाश आणि सावल्या यांचा उल्लेख होता. रिटचिंगवर नजर ठेवली की काम झालं, असं मानणाऱ्यांनी हे निर्णय जरूर लक्षात घ्यावेत.

रिटच न केलेली मॉडेलही बारीक, उंच आणि सुंदरच असते. मग फरक काय पडला?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

रिटचिंग ही साखळीतली शेवटची कडी आहे. तिच्याआधी मॉडेलची निवड होते आणि तिच्याही आधी नमुन्याचा कपडा शिवला जातो. तो एकाच मापाचा असतो, साधारणपणे लहान मापाचा. तो जिला बसेल तिलाच बोलावलं जातं. म्हणजे कोणतं शरीर दिसणार हे फोटोग्राफर येण्याआधी, शिवणाच्या टेबलावरच ठरलेलं असतं. मग संगणकावर कुणी काही बदललं नाही तरी बघणारीला तेच एक शरीर दिसत राहतं, आणि आता तर ‘हे बघा, हे खरं आहे’ अशी ग्वाहीही त्याला जोडलेली असते. पूर्वी निदान म्हणता यायचं की हा फोटो खोटा आहे.

एअरीच्या पहिल्या फोटोंवर हीच टीका झाली होती आणि ती रास्त होती. पुढे त्यांनी वेगवेगळ्या मापांच्या, वर्णांच्या, वयांच्या बायका घेतल्या तेव्हा त्या मोहिमेला खरा अर्थ आला. म्हणून कंपनी ‘आम्ही रिटच करत नाही’ म्हणाली की मी पुढचा प्रश्न विचारते, कुणाचे फोटो तुम्ही रिटच करत नाही? मोठ्या मापाचा कपडा त्या मापाच्या बाईच्या अंगावर दाखवता का, की लहान मापाच्याच फोटोखाली सगळी मापं विकता? कपडा मोठा केला म्हणजे नुसतं कापड वाढत नाही. मुंढा, छातीचा टक, कंबरेची जागा, फॉल, सगळं वेगळं बसतं. तो वेगळा कपडाच असतो, आणि त्याचा वेगळा फोटो मागण्याचा हक्क तो घेणारीला आहे.

वास्तवदर्शी मॉडेल म्हणजे जाड मॉडेल का?

नाही. बारीक बाईसुद्धा खरीच असते. ‘खऱ्या बायकांना वळणं असतात’ अशा घोषणा निघाल्या तेव्हा सपाट छातीच्या, हाडकुळ्या अंगकाठीच्या मुलींना काय वाटलं असेल? एका बांध्याच्या जागी दुसरा बांधा बसवला तर मोजपट्टी तशीच राहते, फक्त आकडे बदलतात.

मोठ्या मापांच्या जाहिरातींतही लबाडी चालते. सडपातळ चेहऱ्याच्या, मध्यम मापाच्या मॉडेलला नितंबांवर आणि मांड्यांवर पॅड बांधून मोठ्या मापाचे कपडे घालतात. चेहरा आणि मान बारीक, खाली गोलाई, पोट मात्र सपाट. असं शरीर फारच थोड्यांच्या वाट्याला येतं.

वय, अपंगत्व, कोड, व्रण, स्तन काढल्यानंतरची छाती, बाळंतपणानंतरचं पोट हे सगळं या वास्तवात मोडतं. वयाबद्दल तर विशेष म्हणेन. कपडे विकत घेण्याची ऐपत ज्या वयात येते, नेमक्या त्याच वयाच्या बायका जाहिरातींतून गायब असतात.

मोठ्या मापाच्या बायका दाखवल्याने लठ्ठपणाला उत्तेजन मिळत नाही का?

कपड्याच्या जाहिरातीचं काम कपडा दाखवणं आहे. मोठ्या मापाची बाई उद्या वजन कमी करणार असली तरी आज तिला अंगभर कपडे लागतात. फोटोवरून कुणाची तब्येत कळत नाही, बारीक मॉडेलचीही नाही. आणि वजनावरून हिणवलं गेल्याने माणसं सडपातळ होत नाहीत. अभ्यासांत दिसतं ते उलट: अपमान सोसणारी माणसं व्यायामाच्या जागा टाळतात, डॉक्टरकडे जायचं टाळतात, जास्त खाण्याकडे वळतात. हा प्रश्न काळजीपोटी विचारणारेही असतात हे मी जाणते, पण त्या काळजीची जागा जाहिरात नाही.

रिटच न केलेल्या जाहिरातींनी कपडे खपतात का?

खपतात. एअरीची वाढ त्या निर्णयानंतर जोरात झाली. ते केवळ फोटोंमुळे झालं असं म्हणता येणार नाही, पण फोटोंमुळे विक्री बुडेल ही भीती तरी खोटी ठरली. एमा हॅलिवेल आणि हेल्गा डिटमार यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारीक आणि सर्वसाधारण मापाच्या मॉडेलांच्या जाहिराती सारख्याच परिणामकारक ठरल्या. बारीक बांध्याचा आदर्श मनात रुजलेल्या बायकांना सर्वसाधारण मॉडेल बघून शरीराविषयीची चिंता मात्र कमी जाणवली.

ही शेवटी मार्केटिंगचीच चाल ना?

हो, विकण्यासाठीच आहे. डव्हवरही टीका झाली की एकीकडे खऱ्या सौंदर्याची भाषा आणि दुसरीकडे त्याच युनिलिव्हर कंपनीची गोरेपणाची क्रीमं. ती टीका बरोबर होती. तरी कंपनीचा हेतू शुद्ध आहे का याच्या शोधात मी फार वेळ घालवत नाही. हेतू दिसत नाही. फोटो दिसतो, मापांचा तक्ता दिसतो, मोठ्या मापासाठी जादा किंमत लावली आहे का ते दिसतं. त्यावरून पारखावं.

एका गोष्टीची मात्र मला खरोखर चीड आहे. ‘स्वतःवर प्रेम करा’ हा उपदेश. वर्षानुवर्षं बाईला तिच्या शरीराची लाज वाटायला लावणाऱ्या धंद्याने, ती लाज गेली नाही तर तेही तिचंच अपयश आहे असं सुचवणं हा अन्याय आहे. शरीरावर प्रेम जडलं तर उत्तमच. नाही जडलं तरी नीट बसणारा, खिसे असलेला कपडा तिला मिळालाच पाहिजे.

मॉडेलांचं काय? त्यांच्यावर परिणाम होत नाही?

सर्वांत आधी त्यांच्यावरच होतो. 2006 मध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस आणि ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्टॉन या दोन तरुण मॉडेलांचा मृत्यू झाला. रेस्टॉनला अॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार होता. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन वीकने बीएमआय 18 पेक्षा कमी असलेल्या मॉडेलांना मंचावर येऊ दिलं नाही. 2017 मध्ये एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन मोठ्या फ्रेंच समूहांनी 32 हे अगदी लहान फ्रेंच माप बाद केलं आणि मोठ्यांच्या कपड्यांसाठी 16 वर्षांखालच्या मुलींना मॉडेल म्हणून घेणार नाही असं ठरवलं. त्याआधी काय चालत होतं ते या नियमावरूनच कळतं.

रिटच झालेला फोटो मॉडेललाही दुखावतो. स्वतःचाच चेहरा, पण शरीर दुसरंच. आपण आहोत तशा पुरेशा नव्हतो हे तिला छापून सांगितलेलं असतं.

एआयने बनवलेल्या मॉडेलांबद्दल काय?

मार्च 2023 मध्ये लीव्हायजने विविधता वाढवण्यासाठी एआय मॉडेल वापरून पाहणार असं जाहीर केलं आणि टीका होताच खरी चित्रीकरणं कमी करणार नाही असा खुलासा केला. 2025 मध्ये एच अँड एमने 30 खऱ्या मॉडेलांच्या, त्यांच्या संमतीने, डिजिटल प्रतिकृती करण्याची योजना आणली. त्याच वर्षी ‘व्होग’च्या अमेरिकी आवृत्तीत गेस या कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीत पूर्णपणे एआयची बाई छापून आली. डव्हने 2024 मध्ये आणि एअरीने 2025 मध्ये, खऱ्या माणसांच्या जागी एआय वापरणार नाही असं जाहीर केलं.

माझा आक्षेप साधा आहे. जिला शरीर नाही तिच्या अंगावर कपडा बसूच शकत नाही. असं चित्र कपड्याबद्दल काहीच सांगत नाही. आणि विविधता हवी म्हणून जाड, सावळ्या, वयस्क बायका यंत्राकडून काढून घ्यायच्या आणि तशाच खऱ्या मॉडेलांना काम द्यायचं नाही, हे कुठलं शहाणपण?

फोटो बदललेला आहे हे ओळखता येतं का?

ढोबळ काम ओळखता येतं: कमरेजवळ वाकलेली दाराची चौकट किंवा फरशीची रेष, काखेत आणि कोपरात एकही घडी नसणं, सावली आणि शरीर यांचे वेगळे आकार. सफाईचं काम ओळखता येत नाही. प्रत्येक फोटोत खोट शोधत बसण्याचा सल्लाही मी देणार नाही, कारण तेवढा वेळ नजर पुन्हा शरीरावरच राहते.

ऑनलाइन कपडे घेताना काय बघावं?

मॉडेलची उंची आणि तिने घातलेलं माप दिलंय का ते बघा. चालतानाचा व्हिडिओ असेल तर तो फोटोपेक्षा जास्त सांगतो, कारण चालताना मागच्या क्लिपा लपवणं अवघड असतं. गिऱ्हाइकांनी स्वतः टाकलेले फोटो सर्वांत उपयोगी. आपली मापं टेपने घेऊन ठेवा आणि तक्त्याशी जुळवा. एका ब्रँडचं मध्यम माप दुसऱ्याकडे मोठं असतं, त्यामुळे लेबलवरच्या अक्षराला फार किंमत देऊ नका.

वयात येणाऱ्या मुलीशी याबद्दल कसं बोलावं?

भाषण नको. तिच्यासमोर स्वतःच्या शरीराला नावं ठेवणं थांबवा, निम्मं काम तिथे होतं. आई आरशासमोर स्वतःचे दंड चिमटीत धरून तोंड वाकडं करते तेव्हा मुलगी शिकत असते. नातेवाइकांनी ‘किती जाड झालीस’ किंवा ‘किती वाळलीस’ म्हटलं तर तिच्यादेखत विषय तोडा. फोटो कसे बनतात हे दाखवा, पण ते माहीत झालं म्हणून तिला वाईट वाटणारच नाही अशी अपेक्षा धरू नका. खेळ, पोहणं, नाच, चढणं, असं काहीतरी तिला करू द्या जिथे शरीर दिसण्यापेक्षा कामाला जास्त येतं.

मुलग्यांवर याचा परिणाम होत नाही का?

होतो. त्यांच्यावर पीळदार स्नायूंचं दडपण असतं आणि ते याबद्दल बोलतही कमी.

साधी नाराजी आणि आजार यांत फरक कसा करायचा?

जेवणं टाळली जाणं, जेवल्याबरोबर संडासात जाऊन बसणं, प्रत्येक घासाचा हिशेब, आजारी असतानाही व्यायाम न सोडणं, पाळी बंद होणं, चक्कर येणं, सतत थंडी वाजणं, जेवणाच्या निमंत्रणांना नकार, ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. वजन ‘ठीक’ आहे म्हणून थांबू नका. खाण्याचे आजार कुठल्याही बांध्याच्या व्यक्तीला होतात आणि वेळेवर उपचार मिळाले तर बऱ्या होणाऱ्या खूपजणी आहेत.

कंपनीला काही कळवायचं असेल तर काय लिहावं?

मोघम तक्रारीपेक्षा नेमके प्रश्न विचारा. फोटोत शरीराचा आकार बदलता का? कपड्याच्या चुण्या पुसता का? मागून क्लिपा लावता का? हा कपडा किती मापांच्या मॉडेलांवर दाखवला आहे? मॉडेल खरी आहे की एआयची? फोटोवरून घेतलेला कपडा बसला नाही म्हणून परत करत असाल तर परतीच्या कारणात तेच लिहा, ‘फोटोत दिसतो तसा बसला नाही’. परत आलेल्या मालाचा खर्च कंपनीला सोसावा लागतो, त्यामुळे ती कारणं तिथे वाचली जातात. आणि एखाद्या कंपनीने तुमच्या मापाची बाई जशीच्या तशी दाखवली असेल, तर तेही चार ओळींत कळवा, कपड्याचं नाव आणि माप घालून.